हुशार आहे पण भात लावता येत नाही: ऑटिस्टिक पोरांना रोजचं जगणं कसं शिकवायचं

भाचा शिकायला आमच्याकडं सांगलीत राहायला आला तेव्हा त्याला बारावीला गणितात १०० पैकी ९८ होते, आणि पहिल्याच आठवड्यात एक दिवस आमची मंडळी मिरजेला बहिणीकडं जाताना त्याला सांगून गेली की बाळा दुपारचा भात तेवढा लाव, तांदूळ धुऊन थोडं पाणी घाल आणि कुकर चढव. मी दोन वाजता दुकान बंद करून घरी आलो तर पोरगं ओट्यापाशी हातात तांब्या घेऊन उभं, तांदूळ धुतलेले, गॅस बंद. किती वेळ तसा उभा होता कुणास ठाऊक. मला बघून म्हणाला, "मामा, थोडं म्हणजे किती?"

त्या दिवशी मी चिडलो त्याच्यावर, आणि त्याचं मला अजून वाईट वाटतं, कारण प्रश्न अगदी बरोबर होता. आपण लहानपणापासून आईच्या पदराला धरून स्वयंपाकघरात फिरताना बघून बघून शिकलेलो असतो, त्यामुळं 'थोडं' म्हणजे किती हे आपल्याला कुणी शिकवलंय असं वाटतच नाही. भाचा ऑटिस्टिक आहे, म्हणजे त्याच्या मेंदूची घडणच जन्मापासून वेगळी आहे, आणि अशा पोरांचं हे बघून बघून उचलणं तसं होत नाही, त्यांना ते सांगावं लागतं, तेही नीट, पायरीपायरीनं, गणित शिकवतात तसं. हुशारीमुळं ते आपोआप येत नाही. ही एक गोष्ट मला कळायला वर्ष गेलं, तुमचं जाऊ नये म्हणून लिहितोय. भाच्याला विचारून लिहितोय, नाव घालायचं नाही असं त्यानं सांगितलंय, आणि वाचून दोन ठिकाणी दुरुस्तीही केली आहे.

दुकानात येणारी माणसं सांगतात ना, एवढा हुशार पण साधं दूध आणायला जमत नाही, आळशी आहे नुसता, लाडावलाय. तर आधी हे बघा. भाच्याची टेस्टिंग झाली तेव्हा बुद्ध्यांक १२० च्या वर आला आणि रोजचं जगणं मोजणारा जो दुसरा स्कोअर असतो तो ७० च्या आसपास. दोन्हीकडं सरासरी १०० धरलेली असते, म्हणजे फरक केवढा बघा. हे मोजायला व्हाइनलँड नावाची पट्टी आहे, अमेरिकेत न्यू जर्सीतल्या व्हाइनलँड गावावरून ते नाव पडलं, एडगर डॉल नावाच्या माणसानं १९३५ च्या सुमारास पहिली काढली, १९८४ साली ती नव्यानं बांधली आणि तिसरी आवृत्ती २०१६ ची. तिच्यात बोलणं-समजणं, रोजची कामं आणि माणसांत वावरणं असे मुख्य भाग असतात. आपल्याकडं जुन्या पट्टीचं भारतीय रूप अजून वापरतात पण ते १५ वर्षांपर्यंतचंच, मोठ्या पोराला त्यातून फारसं कळत नाही.

टेस्टिंग करणाऱ्या मॅडमनी एक वाक्य सांगितलं ते मी विसरत नाही. म्हणाल्या, ही टेस्ट 'येतं का' असं विचारत नाही, 'रोज स्वतःहून करतो का' असं विचारते. भाच्याला आंघोळ येत होती हो. पण कुणी सांगितल्याशिवाय होत नव्हती. आणि त्या असंही म्हणाल्या की बुद्धी सरासरी किंवा त्याहून जास्त असलेल्या ऑटिस्टिक लोकांत हा फरक पुष्कळांत दिसतो, आणि वय वाढेल तसा बऱ्याचदा वाढतो, कारण वयाबरोबर लोकांच्या अपेक्षा वाढत जातात आणि शिकवणारं कुणी नसतं. शाळेत मार्क चांगले म्हणून कुणी बघतच नाही. पूर्वी अशांना ॲस्पर्गर म्हणायचे, २०१३ पासून डॉक्टरांच्या पुस्तकात ते वेगळं नाव गेलं, सगळं ऑटिझम स्पेक्ट्रममध्ये आलं.

आता करायचं काय.

पहिलं म्हणजे शब्द बदलायचे. थोडं, जरा, बेताचं, नीट, लवकर, मंद आचेवर, हे शब्द घरातून काढायचे किंवा त्यांना आकडा द्यायचा. आम्ही गॅसच्या बटणावर मंडळीच्या नेलपॉलिशचा ठिपका लावला, बटण ठिपक्यापर्यंत फिरवलं की मंद आच. भाताची चिठ्ठी ओट्यावर चिकटवली ती अशी होती:

स्टीलची छोटी वाटी घे. तांदूळ एक वाटी. तीन वेळा धू. त्याच वाटीनं पाणी दोन वाट्या. मीठ अर्धा चमचा. झाकण लाव, शिट्टी लाव. गॅस मोठा. तीन शिट्ट्या. गॅस बंद. २० मिनिटांचा अलार्म. झाकण सहज निघालं तरच काढ, ओढायचं नाही.

लावून दोन दिवस झाले नाहीत तोवर त्यानं विचारलं, "मामी, नुसतं फुस्स झालं तर ती शिट्टी धरायची का?" आम्ही चिठ्ठीत वाढवलं: फुस्स धरायचं नाही. असे प्रश्न येणारच, ते आले की समजायचं आपल्या सांगण्यातली पायरी सुटली होती, पोराचं काही चुकलेलं नाही.

दुसरं, काही कामं शेवटाकडून शिकवा. हे मला फार उपयोगी पडलं. चहाचं बघा, पहिल्या आठवड्यात सगळा चहा मंडळीनं करायचा आणि भाच्यानं फक्त गाळून कपात ओतायचा. पुढच्या आठवड्यात उकळी आल्यावर गॅस बंद करणं आणि गाळणं. मग दूध घालणं, उकळी, गाळणं. असं मागं मागं येत पाणी आधणापर्यंत आलो. याचा फायदा असा की पोराच्या हातून रोज काम पूर्ण होतं, कप त्याच्या हातात असतो, अर्धवट सोडून दिल्याची भावना राहत नाही. पहिल्यापासून शिकवायला गेलं की तिसऱ्या पायरीला अडतं आणि मग आपणच म्हणतो सर बाजूला मी करते.

तिसरं म्हणजे जिथं करायचं तिथंच शिकवायचं. घरी खोट्या नोटा घेऊन दुकान दुकान खेळून काही होत नाही, घरात आलं म्हणून बाजारात येईलच असं नसतं. आम्ही बसचं असंच शिकवलं. विश्रामबागहून स्टँडपर्यंत सिटी बस, पहिले चार दिवस मी शेजारी बसलो, मग चार दिवस दोन सीट मागं, मग मी गाडीवर बसच्या मागून, मग फक्त पोचल्यावर मिस्ड कॉल. सगळं मिळून महिना गेला. पण खरी अडचण बसमध्ये नव्हतीच, बस आली नाही तर काय करायचं ही होती. तो पाऊण तास थांबायचा, कारण ठरलंय ते बसनं जायचं. मग मोबाईलमध्ये लिहून दिलं: १५ मिनिटं थांब, बस नाही आली तर वडापच्या (शेअर) रिक्षानं ये, बसायच्या आधी विचार "स्टँडला किती घेणार", रिक्षा नाही मिळाली तर मामाला फोन. प्रत्येक कामाला असं 'नाही झालं तर' लिहून ठेवा, तुमचं अर्धं टेन्शन तिथंच जाईल.

आता आंघोळ, दात, दाढी यांचं. इथं घरोघरी भांडणं होतात. आधी हे तपासा की अंगाला काही टोचतंय, झोंबतंय का. भाच्याला पुदिन्याची पेस्ट तोंडात आग लागल्यासारखी वाटायची आणि अठरा वर्षं त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं कारण त्याला वाटायचं सगळ्यांनाच लागत असणार, सगळे सहन करतात. लहान मुलांची गोडसर पेस्ट आणली, प्रश्न मिटला. सलूनमध्ये मशीनचा आवाज आणि मानेवरचे केस, त्यावर उपाय म्हणजे सकाळी दुकान उघडायच्या वेळी गर्दी नसताना जायचं आणि केस कापून थेट घरी आंघोळीला. दळण आणायला गिरणीत जायचं तर कानात कापसाचे बोळे, सरळ. आणि भूक, तहान, लघवी, घाम हे आतलं कळणं पण काहीजणांना उशिरा कळतं, भाचा अभ्यासाला बसला की सहा सहा तास पाणी पीत नाही आणि मग डोकं दुखतंय म्हणतो, त्याला तहान लागली की पी सांगून उपयोग नाही, अलार्मच लागतो. अलार्मला नाव देताना 'आंघोळ' असं देऊ नका, पहिली हालचाल लिहा, 'उठ, टॉवेल घे'. काम येतं पण सुरू होत नाही ही त्यांची मोठी अडचण असते, टॉवेल हातात आला की पुढचं होतं.

पैशाचं थोडक्यात सांगतो. यूपीआयमुळं सुट्ट्यांची कटकट गेली हे चांगलं झालं, पण ही पोरं समोरचा बोलतो ते खरं धरतात. वर्गातल्या एकानं उद्या देतो म्हणून पाच वेळा ५०० रुपये नेले आणि भाचा रोज 'उद्या'ची वाट बघत बसला. आम्ही नियम केला, १०० च्या वर कुणी मागितले तर "मामाला विचारून सांगतो" एवढंच म्हणायचं, या वाक्यानं कुणाशी भांडणही होत नाही. पिन पैसे पाठवताना लागतो, पैसे येताना कधीच लागत नाही, ओटीपी कुणालाही सांगायचा नाही, बँकेचा साहेब म्हणाला तरी नाही, आणि फसलो तर लाजून न बसता लगेच १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन. हे कागदावर लिहून पाकिटात ठेवलंय.

आता माणसांत वावरणं, यावर मला जास्त बोलायचंय.

आपली मराठी बोलायची पद्धत किती आडवळणाची आहे हे मला भाच्यामुळं कळलं. आपण निघताना 'जातो' म्हणत नाही, अशुभ वाटतं, 'येतो' म्हणतो. भाचा पहिल्यांदा एका गिऱ्हाइकाबद्दल मला म्हणाला, "काका येतो म्हणाले, मी अजून त्यांची वाट बघतोय." शेजारच्या काकू म्हणाल्या "ये रे कधीतरी घरी", हा दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला त्यांच्या झोपेच्या वेळी दारात. पाहुण्याला चहा विचारला, तो "नको नको" म्हणाला, यानं खरंच दिला नाही आणि पाहुणे रुसले. दुकानात एखादा भाव विचारून "बघतो, येतो जाऊन" म्हणतो त्याचा अर्थ घेत नाही असा आहे, हे त्याला कसं कळणार हो, शब्द तर सरळ आहेत.

तर आम्ही एक वही केली. डाव्या पानावर लोक काय म्हणतात, उजव्या पानावर बहुतेक वेळा त्याचा अर्थ काय, आणि तू काय करायचंस. 'ये कधीतरी घरी', म्हणजे मला तू आवडतोस, बोलावणं तेव्हाच जेव्हा वार आणि वेळ सांगतील. 'चहा नको', तर अजून एकदा विचार, दुसऱ्यांदा नको म्हणाले तर सोड. 'जेवूनच जा' घरच्या माणसानं दोनदा म्हटलं तर खरं. 'काय म्हणतोस, बरंय का', तर "बरंय, तुमचं?" एवढंच, खरी तब्येत सांगायची नाही. वही आम्ही शिकवतो असं नाही, रोज रात्री जेवताना तो विचारतो आज अमुक असं म्हणाला त्याचा अर्थ काय, मग आम्ही लिहितो. कधी कधी आम्हालाही नक्की सांगता येत नाही, तेव्हा तसंच लिहितो.

गप्पा मारणं शिकवायला मात्र आमची कृष्णा नदीच कामाला आली. भाच्याला आकड्यांचं वेड, त्यात धरणांचं फार. कोयनेची क्षमता १०५.२५ टीएमसी, आज साठा किती, विसर्ग किती, सगळं पाठ. एरवी हे ऐकायला कुणाला वेळ नसतो पण जुलै-ऑगस्टमध्ये सांगलीत दुसरा विषय असतो का, २०१९ चा पूर बघितलेलं प्रत्येक माणूस दुकानात शिरता शिरता विचारतो आयर्विनला, म्हणजे कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला, पाणी किती झालं. भाचा गल्ल्यावर बसायचा आणि सांगायचा, आयर्विनला ३१ फूट, इशारा ४० ला, धोका ४५ ला. गिऱ्हाइकं त्याला नावानं हाक मारायला लागली. मग त्यावरच आम्ही पुढचं शिकवलं, की आधी दोन वाक्यं सांगायची आणि थांबायचं. समोरच्यानं प्रश्न विचारला तर आणखी दोन वाक्यं. प्रश्न नाही आला, तो पिशवी उचलायला लागला, मोबाईल बघायला लागला, तर विषय संपला. आणि एक प्रश्न आपण विचारायचा, "तुमच्याकडं पाणी येतं का?" हे त्याला जमलं, कारण नियम मोजता येण्यासारखा होता. तुमच्या पोराला रेल्वेचं वेड असेल, क्रिकेटच्या आकड्यांचं असेल, किल्ल्यांचं असेल, ते वेड सोडवायच्या मागं लागू नका, जिथं त्याची गरज आहे अशी माणसं शोधा. साताऱ्यात किल्ल्यांवर चढणारे ग्रुप काय कमी आहेत का.

एक सांगतो, कळकळीनं सांगतो. माणसांत वावरायला शिकवणं म्हणजे त्याला आपल्यासारखं दिसायला लावणं नव्हे. डोळ्यात बघून बोल, हात हलवू नकोस, हस जरा, हे आम्ही पहिल्या वर्षी खूप केलं. तो करायचा. आणि घरी येऊन अंधार करून दोन दोन तास पडून राहायचा, बोलायचा नाही. दिवसभर मुखवटा घालून वावरलं की असा थकवा येतो, आणि वर्षानुवर्षं तसं राहिलं तर मन खचतं, हे आता अभ्यासातही दिसलंय. ब्रिटनमधले डेमियन मिल्टन, स्वतः ऑटिस्टिक आहेत, त्यांनी २०१२ साली मांडलं की गैरसमज दोन्ही बाजूंनी असतो, त्यांना आपण कळत नाही तसे आपल्यालाही ते कळत नाहीत, मग सगळी दुरुस्ती एकट्यानंच का करायची. हे पटल्यावर डोळ्यात बघायची सक्ती मी बंद केली. त्याऐवजी तो म्हणतो, "मी तुमच्याकडं बघत नसलो तरी ऐकतोय." बहुतेक लोक "बरं बरं" म्हणतात आणि पुढं बोलतात.

लग्न, बारसं, गणपतीची मिरवणूक यांचं आधी ठरवूनच जायचं. एकदा मी त्याला एका लग्नात जबरदस्तीनं वरातीत नेलं, डीजे, फटाके, गुलाल, आणि तो रस्त्याच्या कडेला कान दाबून खाली बसला आणि लोक म्हणायला लागले प्यायलाय का. ती चूक माझी होती. आता आम्ही आधी सांगतो कोण असणार, किती वेळ थांबायचं, जेवण कधी, आवाज कुठं असेल. ४५ मिनिटं ठरली तर ४५ मिनिटं, मग पाहुणे कितीही आग्रह करू देत. आणि एक खूण ठरलीय, त्यानं माझ्या हातात गाडीची चावी ठेवली की आम्ही निघायचं, कारण विचारायचं नाही. गंमत नाही सांगत, ही खूण ठरल्यापासून ती वापरावी लागणं कमी झालं, निघता येतंय हे माहीत असलं की थांबणं सोपं जातं.

कागदपत्रांचंही बघून ठेवा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यात ऑटिझम आहे, यूडीआयडी कार्डासाठी, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्रासाठी, ऑनलाइन अर्ज करून सरकारी दवाखान्यात तपासणी होते. हुशार पोरांच्या बाबतीत "याला काय झालंय, चांगला बोलतोय की" असं तोंडावर ऐकावं लागतं, आम्हाला ऐकावं लागलं. जाताना रोजच्या कामांत कुठं कुठं मदत लागते ते दोन पानं लिहून न्या, मार्कलिस्ट नेऊ नका. आणि पोराला स्वतःला त्याचं निदान सांगा, लपवू नका. भाच्याला सतराव्या वर्षी कळलं तेव्हा तो म्हणाला होता, "म्हणजे मी वाईट मुलगा नाही." एवढी वर्षं पोर काय समजून जगत होतं ते तेव्हा आम्हाला कळलं.

किती वेळ लागतो म्हणाल तर एका वेळी दोन कामं, त्याहून जास्त घेऊ नका, आणि त्यातलं एक त्याला स्वतःला हवं असलेलं असू द्या. आम्ही ठरवलेली यादी होती कपडे धुणे, अंथरूण घडी, भांडी. त्याला हवं होतं एकट्यानं जाऊन भडंग आणणं. आम्ही भडंगापासून सुरू केलं असतं तर लवकर झालं असतं, ही त्याची दुरुस्ती आहे, मी मान्य केली. दुसरी दुरुस्ती, कुकरच्या चिठ्ठीत मी आधी १५ मिनिटं लिहिलं होतं, २० आहेत.

आणि चिठ्ठ्या काढायची घाई करू नका. आलं वाटतं आता, म्हणून आम्ही एकदा सगळ्या काढल्या आणि परीक्षेच्या आठवड्यात सगळंच कोलमडलं, आंघोळ नाही, पाणी नाही, भात करपला. ताण आला की येत असलेलंही जातं, हे आळसानं होत नाही, ओरडून परत येत नाही. ताणाच्या दिवसांत कामं कमी करा, दोनच ठेवा, जेवण आणि झोप, बाकीचं आपण करा आणि चिठ्ठ्या परत लावा. आता चिठ्ठ्यांचा एक डबाच आहे आमच्याकडं, फ्रीजवर ठेवलेला. परवा त्याची सेमिस्टर परीक्षा सुरू झाली, मी दुकानातून आलो तर भाताची चिठ्ठी ओट्यावर चिकटवलेली होती, त्यानंच डब्यातून काढून लावली होती, आणि कुकरची दुसरी शिट्टी होत होती.